शटर उघडायचं की घरून काम करायचं? आधी वही उघडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुकान टाकावं की घरून फ्रीलान्सिंग करावं, हा विषय सध्या सोलापुरातल्या कितीतरी घरांत जेवताना निघतो. वडील म्हणतात, चार लोक ओळखतील असा एखादा गाळा घे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, काम लॅपटॉपवरचं आहे, मग भाडं कशाला भरायचं? वाद प्रतिष्ठा आणि मोकळीक यांवर रंगतो आणि आकडे बाजूलाच राहतात. आम्ही हिशेब लिहिणारी माणसं. दोन्ही प्रकारच्या वह्या आमच्या टेबलावर येतात. त्यांवरून एवढं ठामपणे सांगता येतं की दुकानाची खरी अडचण भाडं ही नसते, दारावरून जाणारं गिऱ्हाईक ही असते. आणि फ्रीलान्सरची अडचण बहुतेक वेळा कामाची नसते, केलेल्या कामाचे पैसे हातात कधी पडतात याची असते. निर्णय या दोन गोष्टी तपासून घ्यायला हवा.

आधी दुकान. उदाहरणाला झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांची कामं घेणारं छोटं दुकान धरू. समजा भाडं १२,००० रुपये, वीज ३,५००, एक मदतनीस १०,०००, इंटरनेट-फोन १,०००, पाणी-झाडलोट-चहा १,५०० आणि मशीनची दुरुस्ती २,०००. इथपर्यंत सगळेच धरतात. पुढचे दोन खर्च सुटतात. तीन लाखांची मशीन आणि फर्निचर पाच वर्षांत जुनं होतं, म्हणजे महिन्याला ५,००० घसारा. घरमालकाकडे अडकलेल्या एक लाखाच्या डिपॉझिटवर बँकेत सात टक्के मिळाले असते, ते महिन्याला सुमारे ६००. बेरीज झाली ३५,६००. यात स्वतःचा पगार अजून आलेलाच नाही. २०,००० धरला तर आकडा ५५,६०० वर जातो. महिन्यात २६ दिवस शटर उघडलं तर रोज २,१४० रुपये सुटले पाहिजेत. गल्ल्यात जमलेली रक्कम वेगळी आणि हा आकडा वेगळा. कागद, टोनर, बाहेरून करून आणलेली छपाई यांचे पैसे वजा करून उरलेली ही रक्कम आहे.

आता ही रक्कम कशातून निघते ते बघा. दोन रुपयांच्या एका झेरॉक्स प्रतीत कागदाचे ५० पैसे आणि टोनर, ड्रम, सर्व्हिसचे ३० पैसे धरले तर सुटतात एक रुपया वीस पैसे. नुसत्या झेरॉक्सवर दिवस काढायचा तर जवळजवळ १,८०० प्रती रोज निघायला हव्यात. कॉलेज, कोर्ट किंवा तहसील कचेरी हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय हे होत नाही. म्हणून असं दुकान प्रत्यक्षात चालतं ते डीटीपी, अर्ज भरून देणं, लॅमिनेशन, स्पायरल आणि पत्रिकांवर. तिथे जास्त सुटतं, पण चूकही तिथेच महाग पडते. पाचशे पत्रिका छापून झाल्यावर तारखेपुढचा वार चुकलेला निघाला तर त्या आठवड्याची कमाई गेली. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि सही करणारा घरातला निर्णय घेणारा माणूस असावा. 'भाच्यानं बघितलंय' याला अर्थ नाही.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. इथे पत्रिका मराठीत निघते तशी तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही निघते. मजकूर येतो व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये आणि दुकानातल्या फाइली असतात जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये. सरळ पेस्ट केलं की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. कन्व्हर्टरमधून काढलं तरी रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. ज्याला दोन-तीन लिप्यांत हे काम स्वच्छ करता येतं, त्याला गाळ्याची गरज सर्वांत कमी आहे. छापखानेच त्याला फायली पाठवतील. हे कौशल्य सोलापुरात घराघरात सापडतं आणि त्याचा भाव लावायला लोक अजून कचरतात, याचं वाईट वाटतं.

गाळ्याची जागा बघताना भाड्याच्या आधी पावलं मोजा. नवी पेठ किंवा चाटी गल्लीत माणूस खरेदीच्याच इराद्याने येतो. जुळे सोलापूर, होटगी रोड किंवा विजापूर रोडला दारावरून जाणारा बहुतेक वेळा घरी निघालेला असतो, आणि त्याला लागतात रोजच्या गोष्टी. गाळ्यासमोर सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ असे दोन वेळा थांबा. एक आडवार घ्या, एक रविवार घ्या. किती लोक गेले हे मोजून उपयोग नाही, शेजारच्या तशाच दुकानात किती जण आत शिरले ते मोजा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी एक ते पाच रस्ता ओस पडतो. त्या चार तासांत पंखे-कूलर चालू, मदतनीस बसलेला आणि गल्ला बंद. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने दुकानाचा दिवस सात तासांचाच असतो असं धरून चाला.

कराराबाबत अकरा महिन्यांची नोटरी हा सोलापुरातला सर्वांत सोयीचा आणि सर्वांत कच्चा रिवाज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. १२,००० भाडं, अकरा महिने आणि एक लाख परत मिळणारं डिपॉझिट, यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने चारशे रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एवढे पैसे वाचवायला जाऊन डिपॉझिट बुडतं. करार अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करावा, कारण दुकानाला गिऱ्हाईक लागायलाच वर्ष जातं आणि नेमकं तेव्हा मालक भाडं वाढवतो. दरवर्षीची वाढ किती टक्के, ते आत्ताच लिहून घ्या. तुमच्या बाजूने एक-दोन महिन्यांची नोटीस देऊन सुटता यावं, हे कलम घाला. घरपट्टी कुणी भरायची तेही लिहा. जागा व्यापारी वापराची झाली की ती वाढते आणि मालक ती तुमच्याकडे ढकलतो.

परवान्यांचा बाऊ मात्र करू नका. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, त्यालाच आपल्याकडे अजून गुमास्ता म्हणतात. पाटी देवनागरी मराठीत हवी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंद, मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे मोजण्याचं काहीच कारण नाही.

जीएसटीत दोन गोष्टी हमखास चुकतात. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती सवलत फक्त मालच विकणाऱ्याला आहे. मोबाइल विकणारा दुरुस्तीही करत असेल, कापड विकणारा शिवूनही देत असेल, तर मर्यादा २० लाखांवर येते. दुसरी गोष्ट भाड्याची. दुकानदार जीएसटीत नोंदणीकृत आहे आणि गाळ्याचा मालक नाही, अशी जोडी असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर दुकानदारानेच भरायचा आहे. १२,००० वर २,१६०, तेही रोखीने. नियमित नोंदणी असेल तर क्रेडिट मिळतं, म्हणजे ही रक्कम पुढच्या करातून वजा होते, पण पैसे आधी खिशातून जातात. कंपोझिशनमधल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या, दुकानदाराची यातून जानेवारी २०२५ मध्ये सुटका झाली आहे.

आता दुसरी बाजू. फ्रीलान्सर दर ठरवतो तो बहुधा शेजारच्याचा दर ऐकून. दर असा काढायचा. हातात महिन्याला ३०,००० हवेत. कॉम्प्युटरचा घसारा, सॉफ्टवेअर, इंटरनेट, इन्व्हर्टर, आरोग्य विमा मिळून ६,००० आणि म्हातारपणाची तजवीज ४,००० धरली तर महिन्याला ४०,०००, वर्षाला ४,८०,०००. वर्षात सणवार, आजारपण आणि कामाचा दुष्काळ सोडून साडेदहा महिने खरे. महिन्यात २०० तास बसलात तरी पैसे मिळतात ते सुमारे १०० तासांचेच. बाकीचे कोटेशन, फोन, दुरुस्त्या आणि वसुलीत जातात. म्हणजे १,०५० तास. भागाकार केला की तासाला साधारण ४६० रुपये येतात. फायव्हरसारख्या फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर काम घेतलंत तर ते २० टक्के कापून घेतात, मग दर ५७५ व्हायला हवा. आणि 'घरबसल्या दोनशे रुपये तास सुटतो, वाईट काय' असं म्हणणारा स्वतःच्या विम्याचा हप्ता आणि पुढच्या कॉम्प्युटरची किंमत गिऱ्हाइकाला भेट देत असतो.

घर हे फुकटचं ऑफिस आहे हाही अर्धाच हिशेब. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवा. एका कंपनीचं इंटरनेट बंद पडलं तर दुसरं हाताशी हवं, निदान मोबाइलचं तरी. पुण्या-हैदराबादच्या माणसाला तुमच्या भागातली लाइट गेली हे कारण एकदा चालतं. विजेचा दर मात्र बिघडत नाही. घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट, वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल तर घरगुती दरच लागतो.

खरी मेख वसुलीत आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. काम घेताना व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी पाच गोष्टी ठरवाव्यात: काम नेमकं काय, किती दिवसांत, किती दुरुस्त्या त्याच पैशांत, पैसे किती आणि कधी, आणि मूळ फाइल द्यायची की नाही. दुरुस्त्या दोन. तिसरीपासून वेगळे पैसे. निम्मा ॲडव्हान्स आल्याशिवाय फाइल उघडायची नाही. शेवटचा हप्ता येईपर्यंत वॉटरमार्क असलेली किंवा कमी रिझोल्यूशनची प्रतच पाठवायची. सीडीआर किंवा पीएसडी ही मूळ फाइल वेगळ्या किमतीची वस्तू आहे. ती फुकट दिली की पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे जातं. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ प्रमाणे बाहेरच्या माणसाने करून दिलेल्या कामाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे करणाऱ्याचाच असतो आणि तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. पैसे घेऊन काढलेल्या फोटोचं मात्र उलट आहे. वेगळं ठरलं नसेल तर हक्क काढवून घेणाऱ्याचा. लग्नाचे फोटो टिपणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

उद्यम नोंदणीचा खरा फायदा इथे आहे आणि तो घेणारे फार थोडे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या सेवा देणाऱ्याचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यायचं असं कायदा म्हणतो. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली ही रक्कम कंपनीला त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही, ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाला तुमचं बिल स्वतःहून शोधतो ते यामुळे. नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. सेवा देणाऱ्याकडेही तीन गोष्टी हव्यात: नोंदणी काम देण्याच्या आधीची असली पाहिजे, प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक हवा, आणि काम पोचल्याची पोच, ईमेलवर तरी, हवी. या नसतील तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे तक्रार करून हाती काही लागत नाही.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचं, थोडक्यात. व्यावसायिक सेवेसाठी एकाच कंपनीकडून वर्षाला ५०,००० च्या वर पैसे मिळाले तर ती १० टक्के कापते. पॅन दिला नाही तर २० टक्के. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २०२५-२६ पासून रिबेटमुळे कर शून्य होतो, म्हणजे कापलेले पैसे बहुतेकांना परत मिळतात. पण ते रिटर्न भरल्यावर. तोवर महिन्याचा हिशेब ९० टक्क्यांवरच मांडावा आणि कापलेली रक्कम २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या आपल्या नावावरच्या तक्त्यात, दिसते का ते दर तिमाहीला बघावं. कंपनीने कापली आणि भरलीच नाही, असं प्रकरण वेळीच कळलं तरच सोडवता येतं.

घरून काम सोलापूरला नवं नाही. विडी वळणाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या पानं आणि तंबाखू घरी आणून काम करत आल्या. त्या कामात कष्ट फार आणि मजुरी तुटपुंजी, तरी कार्ड असलेल्या कामगार बाईला प्रॉव्हिडंट फंड आहे. लॅपटॉपवर काम करणाऱ्या तिच्या नातवाला तो नाही. म्हणून वरच्या दरात ते ४,००० धरले आहेत. ते पीपीएफमध्ये जावेत किंवा पेन्शन योजनेत, पण पैसे आल्या दिवशीच बाजूला निघावेत.

मग कुणी काय करावं? जिथे वस्तू हातात घेऊन बघावी लागते, माप घ्यावं लागतं, तिथेच दुरुस्त करून द्यावी लागते, तिथे गाळा हवाच. ब्लाउज शिवणारी, मोबाइल उघडणारा, चष्मेवाला, सायकलवाला. जिथे काम फाइलने येतं आणि फाइलनेच जातं, तिथे रस्त्यावरचा गाळा ही चैन आहे. हिशेब लिहिणं, भाषांतर, व्हिडिओ एडिटिंग, वेबसाइट, घराचे प्लॅन काढणं यांना पाटी लागते, शटर लागत नाही. शाळेच्या गणवेशांच्या धंद्यात तर दोन्ही एकत्र नांदतं: कापडाचा पॅटर्न आणि ग्रेडिंग (त्याची लहान-मोठी मापं) करणारा मास्टर तीन-चार कारखान्यांची कामं घरून करू शकतो, पण शिलाईची ओव्हरलॉक, काजा-बटणाची मशीन ठेवायला गाळाच लागतो.

मधला रस्ताही आहे आणि आमच्या मते सोलापूरसारख्या शहरात बहुतेकांसाठी तोच बरा. मुख्य रस्त्यावरचा तळमजला सोडून त्याच इमारतीचा पहिला मजला किंवा आतल्या गल्लीतली खोली बघा, भाडं बरंच खाली येतं. ओळखीच्या दुकानात एक टेबल घ्या, रोज संध्याकाळी सहा ते नऊ, महिन्याला ठरलेली रक्कम देऊन. गिऱ्हाइकाला बसून बोलायला जागा मिळते आणि घरातली माणसं मोकळी राहतात. मुलींच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं आहे. अनोळखी गिऱ्हाईक घरी येणार म्हणून कितीतरी घरांत कामच बंद होतं.

कर्ज काढणार असाल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत तारण लागत नाही. बँक दुकानदाराला गुमास्ता, भाडेकरार आणि मशीनचं कोटेशन मागते. फ्रीलान्सरकडे यातलं फारसं काही नसतं, म्हणून त्याने पहिल्या दिवसापासून सगळे पैसे एकाच चालू खात्यात घ्यावेत आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरावं. दोन वर्षांची रिटर्न आणि स्वच्छ बँक स्टेटमेंट हीच त्याची पाटी.

शेवटी मुहूर्ताबद्दल. गाळा पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. पूजा त्या दिवशी जरूर करावी, पण भाडं कधी सुरू होतं ते धंद्यावर ठरवावं. स्टेशनरी-झेरॉक्सला मे अखेरपर्यंत फर्निचर उभं राहिलं पाहिजे, कारण शाळा-कॉलेजची गर्दी जूनमध्ये येते. कपडे आणि इलेक्ट्रॉनिक्सला दसऱ्याच्या आधी महिनाभर. पत्रिका आणि फोटोग्राफीला तुळशीच्या लग्नाआधी. फर्निचरचे पंधरा-वीस दिवस भाडंमाफी मागा, बरेच मालक देतात. आणि हाताशी सहा महिन्यांचा बंधा खर्च, वरच्या उदाहरणात २,१३,६०० रुपये, बाजूला नसेल तर करारावर सही पुढच्या हंगामापर्यंत थांबवा.

आपले,
छोट्या व्यवसायांचे हिशेब लिहिणारे दोन वाचक,
जुळे सोलापूर